पुडी बांधली, कुलूप लावले नाही

ग्रामीण रुग्णालयात काढलेला छातीचा एक्स-रे जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेल्या रेडिओलॉजिस्टला ई-मेलने पाठवणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. मिनिटभरात तो तिकडच्या पडद्यावर उघडतो आणि ‘उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात डाग दिसतो, थुंकी तपासून घ्या’ असे उत्तर येते. त्या मिनिटभरात वाटेवर एक्स-रे नावाची वस्तूच नसते. असतात ती फक्त इंग्रजी अक्षरे आणि आकडे. ओळीमागून ओळी, प्रत्येक ओळीत ७६ खुणा आणि एकाही शब्दाचा अर्थ लागत नाही. वीस लाख बाइटचा, म्हणजे साधारण दोन एमबीचा एक्स-रे असेल तर अशा सुमारे ३५ हजार ओळी भरतात. पलीकडचा संगणक त्या ओळी वाचून पुन्हा जसाच्या तसा एक्स-रे उभा करतो.

चित्राची अक्षरे का करावी लागतात, ती कशी केली जातात आणि अक्षरांची ही गिचमीड पाहून ‘आपला रिपोर्ट सुरक्षित आहे’ असे समजणे का चुकीचे आहे, हे समजून घ्यायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. आणि ज्यांचे रिपोर्ट रोज या वाटेने जातात, त्यांना ते माहीत असायला हवे.

सात घरांची वाट

संगणकाच्या लेखी सगळे काही शून्य आणि एक. अशा आठ घरांचा गट म्हणजे एक बाइट, आणि त्यात ० ते २५५ यांपैकी कोणताही आकडा मावतो. एक्स-रेच्या चित्रात असे आकडे खच्चून भरलेले असतात. कुठे फुफ्फुसातल्या हवेचा काळा, कुठे बरगडीचा पांढरा.

पण संगणकांमधली टपालाची वाट चित्रांसाठी बांधलेलीच नव्हती. ती बांधली गेली मजकुरासाठी. अमेरिकेत १९६३ साली ठरलेल्या आणि नंतर सुधारलेल्या ‘आस्की’ या सारणीत प्रत्येक खुणेसाठी सातच घरे होती. सात घरांत १२८ खुणा बसतात. त्यांतल्या ९५ छापता येण्याजोग्या: अक्षरे, आकडे, विरामचिन्हे आणि रिकामी जागा. उरलेल्या ३३ या यंत्राला दिलेल्या आज्ञा: ओळ बदल, घंटी वाजव, मजकूर संपला. इंग्रजी लिहायला एवढे पुरेसे होते. ई-मेल पोहोचवण्याचे नियम १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी लिहून काढले, तेव्हा तेही याच सात घरांवर आधारले गेले.

या वाटेवर चित्र तसेच सोडले तर काय होईल? समजा, बरगडीवरच्या एका ठिपक्याची उजळपणाची किंमत २०० आहे. हा आकडा लिहायला आठही घरे लागतात. वाटेतल्या एखाद्या जुन्या संगणकाने आठवे घर कापून टाकले, तर २०० मधून १२८ वजा होतात आणि ७२ उरतात. पांढरे हाड गडद होते. दुसरा धोका आणखी विचित्र आहे. ई-मेलच्या नियमांत एका ओळीवर एकटे पूर्णविरामाचे टिंब आले, की पत्र संपले असे मानतात. चित्राच्या आकड्यांमध्ये योगायोगाने तशी जुळणी झाली, तर निम्मे फुफ्फुस अलीकडेच राहील आणि पत्र बंद होईल.

म्हणजे वाट अरुंद आणि सामान रुंद. वाट रुंद करायची तर जगभरातले सगळे संगणक बदलावे लागले असते. त्यापेक्षा सामानाचीच अशी पुडी बांधावी, की ती अरुंद वाटेवरून न सांडता जाईल, हे सोपे होते.

तिनाचे चार

ही पुडी बांधण्याची एक रीत १९८० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत मेरी अ‍ॅन हॉर्टन यांनी तयार केली. तिचे नाव ‘यूयूएन्कोड’. त्या काळी युनिक्स प्रणालीचे संगणक एकमेकांना टेलिफोन लावत आणि आपापल्याकडची पत्रे पुढे सरकवत. भारतात एर्नेट या शैक्षणिक जाळ्याच्या सुरुवातीच्या दिवसांत मुंबईतील एनसीएसटी आणि आयआयटी यांच्यातही अशाच डायल-अप दुव्यावरून टपाल जात असे.

रीत तशी सोपी आहे. तीन बाइट घ्यायचे. तीन गुणिले आठ, म्हणजे २४ घरे झाली. या २४ घरांचे आता आठाआठाऐवजी सहासहाचे गट पाडायचे. चार गट पडतात. सहा घरांत ६४ वेगवेगळे आकडे मावतात, म्हणून कुठल्याही वाटेवर सुखरूप राहतील अशा ६४ खुणा निवडल्या, की प्रत्येक गटाला एक खूण देता येते. तीन बाइटच्या चार खुणा. उलट जाताना चार खुणांचे तीन बाइट. यात अंदाज नाही, सरासरी नाही आणि नुकसानही नाही.

हॉर्टन यांच्या रीतीत एक अडचण मात्र निघाली. तिच्या खुणांमध्ये रिकामी जागाही होती आणि काही टपाल संगणक ओळीच्या शेवटची रिकामी जागा निरुपयोगी समजून छाटून टाकत. काही विरामचिन्हे आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर बदलूनच जात. पुढे आलेल्या ‘बेस-६४’ या रीतीने धडा घेतला. तिने फक्त अशाच खुणा घेतल्या ज्या सगळीकडे सारख्या राहतात: इंग्रजीची २६ मोठी अक्षरे, २६ छोटी अक्षरे, १० आकडे, अधिकचे चिन्ह आणि तिरकी रेघ. एकूण ६४. शेवटी सामान तिनाच्या पटीत भरले नाही, तर जागा भरून काढायला बरोबरचे चिन्ह.

नॅथॅनियल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी १९९२ साली ‘माइम’ नावाचे मानक मांडले आणि त्यात ही रीत ई-मेलमध्ये रुजवली. त्या वर्षी ११ मार्चला बोरेनस्टीन यांनी अशी पहिली जोडपत्रे पाठवली. एक छायाचित्र आणि एक ध्वनिमुद्रण. दोन्ही ते स्वतः ज्यात गात असत त्या चौघांच्या गायकवृंदाची. आज लॅबचा रिपोर्ट, सोनोग्राफीची प्रतिमा, विम्याचे कागद, जे काही ई-मेलला ‘अटॅच’ होते, ते बहुतांशी याच रीतीने जाते.

एक उदाहरण करून पाहता येईल. जेपेग प्रकारच्या प्रत्येक चित्राचे पहिले तीन बाइट ठरलेले असतात: २५५, २१६, २५५. शून्य-एकमध्ये लिहिले तर ११११११११, ११०११०००, ११११११११. याच २४ घरांचे सहासहाचे गट पाडले तर ११११११, ११११०१, १०००११, ११११११. म्हणजे ६३, ६१, ३५ आणि ६३. बेस-६४च्या सारणीत त्यांच्या खुणा येतात त्या तिरकी रेघ, नऊचा आकडा, छोटा जे आणि पुन्हा तिरकी रेघ. ई-मेलचे मूळ रूप दाखवणारा पर्याय अनेक टपाल सेवांमध्ये असतो. तो उघडून पाहावा. जेपेगमध्ये पाठवलेल्या एक्स-रेची सुरुवात याच चार खुणांनी झालेली दिसेल.

या सोयीची किंमत आहे ती जागेची. तिनाचे चार झाले म्हणजे सामान तिसऱ्या हिश्श्याने वाढले. १५ एमबीची फाईल २० एमबी होते, आणि ओळींच्या शेवटच्या खुणा धरल्या तर साडेवीस. मर्यादेपेक्षा लहान वाटणारी फाईल ई-मेल नाकारते, तेव्हा कारण बहुधा हेच असते.

शरीराचीही चौसष्ट अक्षरे

वैद्यकशास्त्राला हा ६४चा आकडा ओळखीचा आहे. डीएनएमध्ये चार अक्षरे असतात आणि पेशी ती तीन-तीनच्या गटांत वाचते. चार गुणिले चार गुणिले चार, म्हणजे ६४ शब्द. त्यांतले ६१ शब्द २० अमिनो आम्ले सुचवतात आणि तीन शब्द ‘इथे थांब’ असे सांगतात. ही सारणी उलगडण्याच्या कामासाठी हरगोविंद खुराना, मार्शल निरेनबर्ग आणि रॉबर्ट हॉली यांना १९६८ सालचे नोबेल मिळाले.

दोन्ही ठिकाणी बिघाडाची तऱ्हाही सारखीच आहे. डीएनएमधले एक अक्षर बदलले, तर बहुधा एखादेच अमिनो आम्ल बदलते. पण एक अक्षर गळले किंवा जास्तीचे शिरले, तर पुढचे सगळे गट सरकतात आणि तिथून पुढचा मजकूर निरर्थक होतो. भारतात आढळणाऱ्या बीटा थॅलेसेमियाच्या प्रमुख जनुकीय दोषांपैकी एकात नेमके हेच घडते. एकच अक्षर जास्तीचे शिरते आणि हिमोग्लोबिनची ती साखळी तयारच होत नाही. बेस-६४मध्येही एक खूण बदलली, तर फार तर दोन बाइट बिघडतात. एक खूण गळली, तर तिथून पुढे सगळी घरे सरकतात आणि चित्र उघडत नाही किंवा अर्धवट उघडते. म्हणूनच ‘फाईल करप्ट’ असा निरोप आला, की तीच फाईल पुन्हापुन्हा उघडून पाहण्यात अर्थ नसतो. मूळ फाईल नव्याने मागवावी.

मराठीलाही पुडी लागते

ही रीत फक्त चित्रांसाठी आहे, असे मात्र नाही. आस्कीच्या १२८ खुणांमध्ये देवनागरीला जागा नव्हती. युनिकोडच्या यूटीएफ-८ या प्रचलित लेखनपद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते. अक्षर, काना, मात्रा, वेलांटी, प्रत्येकाचे तीन बाइट वेगळे. तीन बाइट म्हणजे बेस-६४च्या बरोबर चार खुणा. ‘म’ या अक्षराच्या चार खुणा होतात त्या अशा: चारचा आकडा, मोठा के, मोठा एस, छोटा यू. देवनागरीच्या कुठल्याही अक्षराची सुरुवात चार आणि के यांनीच होते आणि तिसरी खूण एस किंवा डब्ल्यू असते.

काही वेळा ई-मेलच्या विषयाच्या ओळीत मराठी शब्दांऐवजी ‘चार के एस’, ‘चार के डब्ल्यू’ अशी रांग दिसते. तो व्हायरस नसतो. पुडी सोडायची राहून गेलेली असते, एवढेच. आतली ‘रक्त तपासणी अहवाल’ ही अक्षरे शाबूत असतात.

पुडी, आटवण आणि कुलूप

रुग्णाच्या दृष्टीने खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो. फाईल पाठवताना तिच्यावर तीन वेगवेगळ्या क्रिया होऊ शकतात आणि त्यांची सर्रास गल्लत होते.

पहिली, एन्कोडिंग. ही पुडी. आकार बदलतो, माल तोच राहतो आणि सोडण्याची रीत साऱ्या जगाला ठाऊक असते.

दुसरी, कॉम्प्रेशन. यातला एक प्रकार निव्वळ घडी घालण्याचा आहे. ‘झिप’ फाईल उघडली, की सगळे परत मिळते. दुसरा प्रकार आटवण्याचा आहे. दूध आटवले की त्याचे पुन्हा पहिले दूध होत नाही. जेपेग हा सहसा या दुसऱ्या प्रकारात मोडतो. तो चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे तुकडे पाडतो आणि डोळ्याला फारसा जाणवणार नाही असा तपशील टाकून देतो. लग्नाच्या फोटोत त्याने काही बिघडत नाही. पण हाडातली केसाएवढी चीर किंवा फुफ्फुसाभोवती हवा साठल्याची बारीक रेघ नेमकी त्या टाकून दिलेल्या तपशिलात असू शकते.

तिसरी, एन्क्रिप्शन. हे कुलूप. किल्ली नसेल तर आत काय आहे ते कळत नाही.

आता रोजच्या व्यवहाराकडे पाहावे. व्हॉट्सअ‍ॅपवर एक्स-रे ‘फोटो’ म्हणून पाठवला, तर वाटेत त्याला कुलूप असते. २०१६पासून तिथे दोन टोकांमधले एन्क्रिप्शन आहे. पण चित्र आटवले जाते. ई-मेलला मूळ फाईल जोडली, तर चित्र पूर्ण जाते, पण बेस-६४ ही पुडीच असते. टपाल सेवांच्या संगणकांमधल्या प्रवासात आज बहुतेक ठिकाणी टीएलएस नावाचे वेगळे आवरण असते. मात्र ते फक्त वाटेपुरते. मेलबॉक्समध्ये पोहोचलेले पत्र ज्याच्या हाती तो मेलबॉक्स लागेल, त्याला वाचता येते. म्हणजे एका वाटेवर कुलूप आहे पण माल कमी होतो, आणि दुसरीवर माल पूर्ण आहे पण पुडीलाच कुलूप समजले जाते.

ही गल्लत रुग्णालयांच्या संगणक प्रणालींमध्येही शिरते. प्रयोगशाळेतून वॉर्डाकडे जाणाऱ्या ‘एचएल-७’ प्रकारच्या संदेशांत रिपोर्टची पीडीएफ बेस-६४ करून घालता येते. आयुष्मान भारत डिजिटल मिशनने आरोग्य नोंदींसाठी स्वीकारलेल्या ‘फायर’ या मानकातही जोडलेला कागद असाच अक्षरांत लिहितात. यात गैर काही नाही. मात्र अशा प्रणालीत वेगळे एन्क्रिप्शन नसेल आणि कोणी ‘पडद्यावर काही वाचता येत नाही, म्हणजे गोपनीय आहे’ असे म्हणत असेल, तर ती फसगत आहे. ती अक्षरे उलगडायला कोणत्याही साध्या संगणकाला क्षणही लागत नाही.

कोविडच्या काळातले एक उदाहरण बोलके आहे. युरोपीय संघाने जुलै २०२१पासून लागू केलेल्या डिजिटल प्रमाणपत्रात माहिती ‘बेस-४५’ या भावंड-रीतीने क्यूआर कोडमध्ये भरली होती. क्यूआर कोडच्या अक्षर-आकडे पद्धतीत ४५ खुणा असतात, म्हणून ४५. त्या माहितीवर डिजिटल सही होती. त्यामुळे बनावट प्रमाणपत्र पकडता येत असे. पण कुलूप नव्हते. कोड ज्याच्या कॅमेऱ्यासमोर येईल, त्याला नाव, जन्मतारीख आणि लशीची माहिती वाचता येत होती. प्रमाणपत्र दाखवण्यासाठीच होते, त्यामुळे तसे असणे रास्तच होते. मात्र ते समाजमाध्यमांवर मिरवणे धोक्याचे होते. भारतातही केंद्रीय गृह मंत्रालयाच्या ‘सायबर दोस्त’ने मे २०२१मध्ये लसीकरणाचे प्रमाणपत्र समाजमाध्यमांवर टाकू नये, असा इशारा दिला होता.

रक्तगट उघड झाला तर कोणाचे फारसे बिघडत नाही. पण एचआयव्हीचा अहवाल, गर्भपाताची नोंद, मानसोपचाराची औषधे, क्षयाचे निदान यांतले काही चुकीच्या हाती पडले, तर नोकरी जाते, ठरलेले लग्न मोडते, गावात तोंडे फिरतात. एचआयव्ही आणि एड्स कायदा, २०१७ नुसार अशी माहिती बाळगणाऱ्या संस्थांवर तिचे संरक्षण करणे बंधनकारक आहे. कायद्याच्या लेखीही ही माहिती जपण्याची वस्तू आहे.

रिपोर्ट पाठवण्यापूर्वी

घरच्या घरी पाळता येतील अशा गोष्टी थोड्याच आहेत.

एक्स-रे, सीटी किंवा एमआरआय दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचा असेल, तर फिल्म खिडकीसमोर धरून काढलेला मोबाईल फोटो ही शेवटची निवड असावी. तपासणी केंद्राकडे मूळ ‘डायकॉम’ फाईल मागावी. त्यात एका ठिपक्याला करड्या रंगाच्या चार हजारांहून अधिक छटा असू शकतात. साध्या जेपेगमध्ये त्या २५६ असतात. व्हॉट्सअ‍ॅपनेच पाठवायचे असेल, तर ‘फोटो’ऐवजी ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. मग चित्र आटत नाही.

नाजूक स्वरूपाचा अहवाल ई-मेलने जाणार असेल, तर पीडीएफला पासवर्ड लावावा आणि तो फोनवर सांगावा. पासवर्ड त्याच ई-मेलमध्ये लिहिणे म्हणजे कुलूप लावून किल्ली कडीलाच अडकवणे. सायबर कॅफेत किंवा कार्यालयाच्या संगणकावर ई-मेल उघडली असेल, तर उतरवून घेतलेली फाईल पुसावी आणि खात्यातून बाहेर पडावे.

रिपोर्ट हवा त्याच व्यक्तीला जातो आहे ना, हे पत्ता वाचून पुन्हा एकदा पाहावे. कौटुंबिक गटावर पाठवलेला अहवाल परत बोलावता येईलच असे नाही. आणि ‘आमची प्रणाली माहिती एन्कोड करते’ असे कोणी सांगितले, तर ‘एन्क्रिप्टही करते का आणि किल्ली कोणाकडे असते?’ एवढा एकच प्रश्न विचारावा.

चार दशकांपूर्वी अरुंद तारांसाठी शोधलेली ही पुडी आजही लाखो रिपोर्ट सुखरूप पोहोचवते आहे. एकही ठिपका न सांडता माल पलीकडे नेणे, एवढेच तिचे काम आणि ते ती चोख करते. तो माल कोणाच्या नजरेस पडावा आणि कोणाच्या पडू नये, हे मात्र पाठवणाऱ्यालाच पाहावे लागते.